धरणं वेगळं, नेणं वेगळं: रजेवरचा पोलीस आणि हद्दीबाहेरची अटक

(ताज्या भागाचं हे लेखी रूप. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय, फक्त अडखळलेलं आणि दोनदा बोललेलं गाळलंय.)

 लोकलमध्ये असाल, हॉस्टेलच्या खोलीत असाल, नाहीतर भांडी घासता घासता ऐकत असाल, आजचा भाग सगळ्यांच्या कामाचा आहे.

आजचा शब्द आहे 'हद्द'. पोलिसांच्या बाबतीत हा शब्द आपण कधी ऐकतो? तक्रार द्यायला गेल्यावर. "हे आमच्या हद्दीत येत नाही, पलीकडच्या ठाण्यात जा." पूल ओलांडला की एक ठाणं, रस्ता ओलांडला की दुसरं. मोबाइल चोरीला गेलेल्या माणसाला आधी नकाशा शिकावा लागतो.

तक्रारीपुरती ही अडचण कायद्याने सोडवली आहे. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसी गेली आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, गुन्हा कुठेही घडलेला असो. यालाच आपण झिरो एफआयआर म्हणतो. म्हणजे तक्रारीला आता हद्द आडवी येत नाही.

मग पुढचा प्रश्न येतो. अटकेचं काय? लातूरला नेमणूक असलेला पोलीस रजा काढून पुण्यात लग्नाला आलाय. अंगात वर्दी नाही, खिशात आयकार्ड आहे. समोर एकाने बाईच्या गळ्यातली चेन ओढली. तो त्याला अटक करू शकतो का? आणि हेच पणजीत किंवा बेळगावात घडलं तर?

कमेंटमध्ये तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लिहिलं होतं, "पोलीस तो पोलीस, चोवीस तास, देशात कुठेही. अधिकार देऊन टाका, विषय संपला." ऐकायला हे एकदम पटतं. मलाही यातला अर्धा भाग पटतो. उरलेल्या अर्ध्याबद्दल आज बोलायचंय.

आधी आपल्याकडे सध्या काय आहे ते बघू. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ सालचा, पूर्वी त्याला मुंबई पोलीस अधिनियम म्हणायचे. त्याचं कलम २८ सांगतं की पोलीस कायम कर्तव्यावर आहे असं मानलं जाईल. आठ तासांची पाळी संपली, घरी जाऊन लुंगी नेसली, तरी कायद्याच्या दृष्टीने तो पोलीसच. पण त्याच वाक्यात एक अपवाद आहे, जो रीलवाले सांगत नाहीत. रजेवर असलेला आणि निलंबित असलेला पोलीस यातून वगळलाय. पाळी संपवून घरी आलेला पोलीस आणि मंजूर रजेवर गावी गेलेला पोलीस, आपण दोघांनाही 'ड्युटीवर नाही' म्हणतो. कायदा मात्र या दोघांना एका मापाने मोजत नाही.

आता हद्दीची बाजू. नव्या संहितेचं कलम ४५ म्हणतं की ज्याला वॉरंटशिवाय अटक करायचा अधिकार आहे, त्याचा पाठलाग पोलीस भारतात कुठेही करू शकतो. कोल्हापुरात दरोडा टाकून कोणी गाडीने निपाणीकडे पळाला, तर राज्याची सीमा आली म्हणून मागच्या जीपला ब्रेक मारावा लागत नाही. जुन्या सीआरपीसीत हेच कलम ४८ होतं.

पण ही झाली पाठलागाची गोष्ट. गुन्हा आपल्याकडे घडला, माणूस पळाला, पोलीस मागे गेला. आपला लातूरकर पाहुणा कोणाचाच पाठलाग करत नाहीये. तो बुफेच्या रांगेत उभा आहे. त्याच्या कामाचं कलम आहे ४०, आणि हे कलम तुमच्या-माझ्यासाठीही आहे. कुठलाही सामान्य माणूस दुसऱ्याला अटक करू शकतो, पण गुन्हा त्याच्या समोर घडलेला हवा, आणि तो गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असा दोन्ही हवा. किंवा मग समोरचा माणूस न्यायालयाने घोषित केलेला फरार गुन्हेगार हवा. धरल्यावर विनाकारण वेळ न घालवता, फार तर सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या हवाली करायचं. ही सहा तासांची मर्यादा नव्या संहितेत आली, जुन्यात ती नव्हती.

चेन ओढणं यात बसतं. भारतीय न्याय संहितेत त्यासाठी आता वेगळं कलम आहे, ३०४. त्यामुळे पुण्यात काय किंवा पणजीत काय, आपला लातूरकर त्या चोराला धरू शकतो. पोलीस म्हणून नाही जमलं, तरी नागरिक म्हणून नक्की.

मग अडचण कुठे आहे? माझे सख्खे मामा हवालदार आहेत, त्यांच्याकडून ऐकलेली गोष्ट सांगते. रजा टाकून सोलापूरहून गाणगापूरला दत्तदर्शनाला निघाले होते. साधा शर्ट, खांद्यावर पिशवी. दुधनी स्टेशन मागे पडलं, म्हणजे महाराष्ट्र संपत आला. समोरच्या बाकावर एक म्हातारबुवा झोपले होते आणि एका पोराने त्यांच्या खिशातला मोबाइल अलगद काढला. मामांनी त्याचं मनगट धरलं, खाली बसवलं आणि १३९ ला फोन लावला. पुढच्या मोठ्या स्टेशनवर रेल्वेचे पोलीस आले. चोर त्यांच्या ताब्यात दिला, मोबाइल म्हातारबुवांना दाखवून ओळख पटवली.

इथपर्यंत छान. मग जबाब सुरू झाला. जबाब घेणारा लिहितोय कन्नडमध्ये, मामा बोलतायत मराठीत, मध्ये मोडकं हिंदी. पहिला प्रश्न आला, "आपण कोण?" मामा म्हणाले, "महाराष्ट्र पोलीस, हवालदार." पुढचा प्रश्न, "ड्युटी पास?" "नाही, रजेवर आहे." यावर लिहिणाऱ्याचं पेन थांबलं. अटक कोणी केली म्हणून लिहायचं? पोलिसाने की प्रवाशाने?

आणखी एक गंमत बघा. पाच हजार रुपयांच्या आतल्या मालाची पहिली चोरी नव्या कायद्याने अदखलपात्र आणि जामीनपात्र केली आहे. म्हणजे रस्त्यावरच्या साध्या चोरीत सामान्य माणूस म्हणून धरायचं, तर मोबाइल पाच हजारांच्या वरचा हवा आणि नसला तर चोराची ती पहिली वेळ नसावी! भर गर्दीत चोराचं मनगट धरून मोबाइलची किंमत कोण विचारणार?

मी मामांना विचारलं, "मग तुम्हाला सगळीकडे अधिकार दिले तर बरं होईल ना?" त्यावर म्हणाले, "अगं, पोराला धरायला मला कुणाची परवानगी लागली नाही. पण त्याने झटापटीत उडी मारली असती आणि मेला असता, तर माझ्या मागे कोण उभं राहिलं असतं? माझं ठाणं म्हणालं असतं, तू रजेवर होतास. तिथलं ठाणं म्हणालं असतं, तू आमचा नाहीस."

हा मुद्दा आपल्या चर्चेत कधी येतच नाही. सरकारी काम करताना घडलेल्या गोष्टीबद्दल सरकारी नोकरावर खटला चालवायचा तर आधी सरकारची मंजुरी लागते, असं संरक्षण कलम २१८ मध्ये आहे. पण रजेवर, परराज्यात, साध्या कपड्यात केलेलं काम सरकारी मानायचं का, यावर वकील तासन् तास भांडू शकतात. जखमी झाला तर ती ड्युटीवरची जखम का? हे प्रश्न आधी सोडवायला हवेत. नुसता अधिकार वाढवला तर त्या हवालदाराच्या गळ्यात जबाबदारी पडते आणि पाठीशी कोणी नसतं.

आणि दुसरी खरी अडचण बायकांच्या बाबतीतली आहे. विनयभंग, म्हणजे अंगाला हात लावणं वगैरे, अजामीनपात्र आहे. पण घाणेरडे हावभाव, शेरे, पहिल्यांदा केलेला पाठलाग हे गुन्हे दखलपात्र असले तरी जामीनपात्र आहेत. त्यामुळे कलम ४० इथे लागू होत नाही. समजा महाराष्ट्राची महिला पोलीस सुट्टीवर गोव्याच्या बसमध्ये बसली आहे आणि समोर एक जण एका मुलीला इशारे करतोय. आपल्या ठाण्याच्या हद्दीत ती त्याला उचलू शकली असती. इथे ती ओरडू शकते, ११२ ला फोन करू शकते, बस थांबवायला सांगू शकते, पण अटक करू शकत नाही. ही फट मला खुपते. म्हणून मी म्हटलं, अर्धा भाग पटतो.

हा वाद सगळ्यात जास्त गाजतो अमेरिकेत, आणि तिथली परिस्थिती समजून घेण्यासारखी आहे. आपल्याकडे राज्याचं एक पोलीस दल असतं. अमेरिकेत सुमारे १८ हजार वेगवेगळी पोलीस खाती आहेत. शहराचं वेगळं, काउंटीचं वेगळं, काही विद्यापीठांचंही वेगळं. डोंबिवलीहून ठाण्याला येईपर्यंत तीन-चार दलांच्या हद्दी लागाव्यात, तसं. त्यामुळे शेजारच्या गावात किराणा आणायला गेलेला पोलीस तिथे पोलीस असतो की नसतो, हा तिथे रोजचा प्रश्न आहे आणि प्रत्येक राज्याचं उत्तर वेगळं आहे.

२००४ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने एक कायदा केला. पात्र पोलिसाला सुट्टीवरही, दुसऱ्या राज्यातही, लपवून पिस्तूल बाळगता येतं. पण त्या कायद्याने अटकेचा अधिकार दिला नाही. म्हणजे पिस्तूल सीमेपलीकडे गेलं आणि अधिकार अलीकडेच राहिला. ही अर्धवट रचना मला धोक्याची वाटते.

त्यापेक्षा टेक्ससचा कायदा नीट विचार करून लिहिलाय. हद्दीबाहेरचा पोलीस तिथे वॉरंटशिवाय अटक करू शकतो, पण गुन्हा त्याच्या नजरेसमोर घडायला हवा आणि तो मोठा गुन्हा किंवा शांतताभंगासारख्या ठरावीक प्रकारातला हवा. त्यापुढचं वाक्य महत्त्वाचं आहे. अटक झाल्यावर शक्य तितक्या लवकर स्थानिक पोलिसांना कळवायचं. आरोपीला ताब्यात घेणार ते, मॅजिस्ट्रेटपुढे नेणारही तेच.

आजच्या भागातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. धरणं वेगळं आणि नेणं वेगळं. समोर घडणारा गुन्हा थांबवायला माणसाला धरणं, हे काम कुठल्याही पोलिसाने कुठेही करावं. त्यासाठी कायदा सैल करायला माझी ना नाही. पण धरलेल्या माणसाला स्वतः गाडीत घालून घेऊन जाणं, चौकशी करणं, दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात पोचवणं, हे त्या अधिकारात येता कामा नये.

का? कारण अटक झालेल्या माणसाचं सगळं संरक्षण जागेला बांधलेलं आहे. ठाण्याच्या स्टेशन डायरीत नोंद होते. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव दिसेल असं हवं. अटकेचा कागद तयार होतो, त्यावर घरच्या माणसाची किंवा तिथल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही लागते. घरी कळवावं लागतं. यातलं बरंचसं कलम ३६ मध्ये आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ प्रमाणे २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं. पण त्या २४ तासांत प्रवासाचा वेळ धरत नाहीत! जितकं लांब नेलं, तितका माणूस न्यायाधीशापासून जास्त वेळ दूर.

नेण्यावरून काय होतं ते आपण पाहिलंय. एप्रिल २०२२ मध्ये आसाम पोलिसांनी गुजरातच्या पालनपूरमधून आमदार जिग्नेश मेवाणींना ट्वीटवरून अटक केली आणि थेट आसाममधल्या कोकराझारला नेलं. पुढच्याच महिन्यात पंजाब पोलिसांनी दिल्लीतून भाजपचे तजिंदरपाल सिंग बग्गा यांना उचललं. दिल्ली पोलिसांनी अपहरणाचा गुन्हा नोंदवला, हरियाणा पोलिसांनी कुरुक्षेत्रजवळ गाडी अडवली आणि बग्गांना दिल्लीला परत आणलं. एका अटकेत तीन राज्यांचे पोलीस! पंजाबचं म्हणणं होतं की आम्ही स्थानिक ठाण्याला कळवलं होतं. तुम्ही कुठल्याही पक्षाचे असा, या दोन्ही घटना शेजारी ठेवून बघा. सत्ता कोणाचीही असो, हद्द ओलांडून माणूस उचलण्याचा मोह सारखाच असतो. आणि हे तर ड्युटीवरचे पोलीस होते, हातात गुन्ह्याचे कागद असलेले.

याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये एका प्रकरणात सविस्तर नियम घालून दिले. परराज्यात जायचं तर वरिष्ठांची परवानगी घ्या. पोचल्यावर आधी स्थानिक ठाण्यात जा, तिथे नोंद करा. वर्दीत जा. जमेल तिथे तक्रारीची त्या भाषेतली भाषांतरित प्रत बरोबर ठेवा. परत निघताना कोणाला नेतोय हे त्या ठाण्याच्या डायरीत लिहा. शक्य तिथे जवळच्या मॅजिस्ट्रेटकडून ट्रान्झिट रिमांड घ्या. वाचताना वाटतं, यात काय मोठंसं? पण ज्याच्या मुलाला चार अनोळखी माणसं गाडीत घालून घेऊन गेली, तो बाप सगळ्यात आधी जवळच्या ठाण्यातच धावत जातो. तिथे डायरीत एक ओळ असली तर तो निदान जिवंत आहे एवढं तरी कळतं.

आता रजेवरच्या पोलिसाला ही सगळी साखळी कुठून मिळणार? त्याच्याकडे ना जावक नोंद, ना वर्दी, ना वरिष्ठांची परवानगी. कायद्यालाही हे माहीत आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम २०२ बघा. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला वॉरंटशिवाय अटक करता येते, पण ती 'वर्दीतल्या' पोलिसाला. हा शब्द मुद्दाम आहे. रस्त्यावर कोणीही उठून "उतर खाली, मी पोलीस" म्हणायला लागला तर काय होईल, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखलं होतं.

आणि आपल्याकडे हे होतंच की! तोतया पोलीस हा शब्द मराठी पेपरात किती वेळा वाचलाय? सकाळी फिरायला निघालेल्या आजींना दोघं अडवतात. "आजी, पुढे चोरी झालीय, आम्ही पोलीस आहोत, दागिने काढून या रुमालात बांधा." घरी येऊन रुमाल उघडला की आत खडे. सरकारी नोकर असल्याची बतावणी करणं हा न्याय संहितेच्या कलम २०४ खाली गुन्हा आहे, तरी हे थांबलेलं नाही.

याचीच मोबाइलवरची आवृत्ती म्हणजे 'डिजिटल अटक'. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस, मागे झेंडा, "तुमच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही." ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये सांगितलं की कायद्यात अशी अटक नाहीच. तरी माणसं फसतात. का? कारण आपल्या मनात पक्कं बसलंय की पोलीस कुठूनही, कसाही, कोणालाही अटक करू शकतो. हद्द माहीत असलेला माणूस विचारतो, "साहेब, तुम्ही कुठल्या ठाण्याचे? इथल्या ठाण्याला कळवलंय का?" त्या एका प्रश्नावर ठगाचा आवाज बदलतो.

उद्या कायदा म्हणाला की साध्या कपड्यातला, रजेवरचा, परजिल्ह्यातला, परराज्यातला कुठलाही पोलीस तुम्हाला उचलून नेऊ शकतो, तर हा प्रश्नच आपल्या हातातून जाईल. खऱ्या पोलिसाला त्याचा थोडा फायदा होईल आणि तोतयाला भरपूर.

म्हणून माझं मत सरळ सांगते. रजेवरच्या पोलिसाच्या अधिकाराबद्दल कायद्याने स्पष्ट बोलावं. त्याच्या डोळ्यांसमोर कोणाच्या जिवाला, अंगाला धोका होत असेल, बाईला त्रास होत असेल, चोरी होत असेल, तर देशात कुठेही त्याला माणूस धरता यावा, गुन्हा जामीनपात्र आहे की अजामीनपात्र याचा हिशोब न मांडता. त्याने लगेच ११२ ला कळवावं आणि येणाऱ्या स्थानिक पोलिसांच्या हातात माणूस द्यावा. एवढं नीट केलं तर ते सरकारी काम मानावं, त्याला मंजुरीचं संरक्षण मिळावं, जखम झाली तर भरपाई मिळावी. पण चौकशी, झडती आणि घेऊन जाणं त्याच्याकडे नको. आणि स्वतःच्या भांडणात, भाडेकरूच्या नाहीतर भावकीच्या वादात, हा अधिकार अजिबात नको. शेताच्या बांधावरून चुलत्याशी भांडताना ज्याच्या खिशात अटकेचा अधिकार आहे, त्या घराची अवस्था काय होईल, गावाकडच्यांना सांगायला नको.

जाता जाता कामाच्या चार गोष्टी. साध्या कपड्यातला कोणी "चल ठाण्यात" म्हणाला, तर हातघाईवर येऊ नका. नाव, ठाणं आणि आयकार्ड विचारा. ११२ लावून खात्री करा, आणि नेणारच असतील तर कुठे नेतायत ते घरच्या एकाला मोठ्याने फोनवर सांगा. अटकेचं कारण विचारा. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात म्हटलंय की कारणं लेखी द्यायची, आणि ती अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत. व्हिडिओ कॉलवरची अटक दिसली तर फोन कट करा आणि १९३० ला कळवा.

आणि हो, हा भाग घरातल्या आजी-आजोबांना ऐकवा. रुमालवाले त्यांनाच गाठतात.

तुमच्या घरात, नात्यात कोणी पोलिसात असेल तर त्यांना विचारा, रजेवर असताना असा प्रसंग आला होता का आणि नंतर काय झालं. नाव न सांगता व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात काही नक्की ऐकवेन. तोवर सांभाळून राहा. भेटूच!